चौथी चिठ्ठी

शाळाभेटीला कोणी येणार असलं की आदल्या दिवशी बाक हलतात. रांगेतली मुलं गोलात येतात, मध्यभागी चार्टपेपर आणि स्केचपेनं पडतात, गटांना गुलाब, मोगरा, जाई, जुई अशी नावं मिळतात आणि टाचणवहीत 'गटकार्य' असा शब्द चढतो. पाहुणे खूश होऊन जातात. त्या गोलात नेमकं काय चाललेलं असतं, हे मात्र वर्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चांगल्या अक्षराची मुलगी चार्टवर लिहीत असते, गटप्रमुख म्हणून नेमलेला मुलगा तिला पुस्तकातून वाचून सांगत असतो, तिसरा कडेने पट्टी धरून चौकट आखत असतो आणि उरलेले दोघं स्केचपेनांची टोपणं एकमेकांवर उडवत असतात. तास संपला की चार्ट भिंतीवर जातो आणि खाली पाचही नावं येतात. शिकलं कोण, असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की जिने लिहिलं ती आणि ज्याने वाचून सांगितलं तो. आणि ती दोघं आपापल्या बाकावर एकेकटी बसली असती तरी तेवढंच शिकली असती. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यामुळे जुन्याजाणत्या शिक्षकांच्या मनात सहकारी अध्ययनाबद्दल अढी बसली आहे. ती अढी मला गैरवाजवी वाटत नाही. फक्त ती चुकीच्या गोष्टीवर बसली आहे. आपण गट पाडले, सहकार्य घडवलं नाही. मुलं शेजारी बसली म्हणून एकमेकांकडून शिकत नाहीत. एकमेकांवाचून अडलं तर शिकतात. हे अडणं आपोआप होत नाही, ते शिक्षकाला कामाच्या मांडणीतच पेरावं लागतं. गटकार्याच्या यशापयशाचा बराचसा हिशोब मला याच एका गोष्टीत दिसतो.

हे अडणं मुद्दाम घडवण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1971 साली टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात शाळांचं एकत्रीकरण झालं. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तोवर वेगळ्या वस्त्यांत, वेगळ्या शाळांत वाढत होती. ती एकाएकी एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. समाजमानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन तेव्हा तिथल्या विद्यापीठात शिकवत होते. त्यांना शाळांनी बोलावलं. उपदेशाचा तास घ्यायच्या आधी ते आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात नुसते बसून राहिले. त्यांना जे दिसलं ते आपल्याला मुळीच परकं नाही. बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर होतात, 'मी सांगतो, मी सांगतो' चालू होतं, एकाचं नाव घेतलं जातं आणि बाकीच्यांचे चेहरे उतरतात. तो चुकला की तेच चेहरे पुन्हा खुलतात. ज्यांनी हात वर केलेलाच नसतो ते खाली मान घालून, आपलं नाव येऊ नये म्हणून देवाचा धावा करत असतात. म्हणजे दुसऱ्याचं चुकणं हा आपला फायदा, अशी वर्गाची घडणच असते. ज्यांच्यात आधीच वैर आहे अशांना अशा वर्गात आणून बसवलं तर वैर वाढणारच.

अ‍ॅरन्सन यांनी उपदेश न करता ही घडण बदलली. पाचवीच्या वर्गात पत्रकार जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र शिकवायचं होतं. त्याचे सहा तुकडे केले आणि सहा जणांच्या गटात प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. पूर्ण चरित्र कोणाकडेच नाही आणि परीक्षा मात्र पूर्ण चरित्रावर. अशा एका गटात पुलित्झर यांच्या मधल्या वयाचा भाग एका मेक्सिकन मुलाकडे आला. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा होती, बोलताना तो अडखळायचा, आणि इतरांनी सवयीने त्याची टर उडवायला सुरुवात केली. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने मुलांना रागावून गप्प केलं नाही. परीक्षा थोड्याच वेळात आहे आणि हा भाग फक्त याच्याकडे आहे, एवढंच लक्षात आणून दिलं. काही दिवसांत ती मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली. नीट प्रश्न मिळाल्यावर तो सांगू लागला आणि त्याला बरंच येतं हे इतरांच्या ध्यानात आलं. या पद्धतीला जिगसॉ असं नाव पडलं. ही हकीकत वाचताना आपल्याकडची मुलं डोळ्यांपुढे येतात : तोडणीच्या हंगामानंतर वर्गात परतलेलं ऊसतोड कामगाराचं मूल, घरी कोरकू बोलणारी मेळघाटातली मुलगी. या मुलांना समजून घ्या, असं आपण वर्गाला शंभरदा सांगतो. त्यांच्याकडे असं काही देत मात्र नाही की ज्यासाठी वर्गाला त्यांच्याकडे जावं लागेल.

पाठाचे तुकडे करणं हे कात्रीचं काम आहे असं वाटणं ही पहिली चूक, आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात. समजा सातवी-आठवीच्या वर्गात 1972 च्या दुष्काळाबद्दल शिकवायचं आहे. उताऱ्याचे चार परिच्छेद कापून चौघांना दिले तर काय होईल? चार पाठांतरं. प्रत्येकजण आपला परिच्छेद वाचून दाखवणार, बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट पाहणार. त्याऐवजी चार चिठ्ठ्या अशा केल्या तर? पहिलीत पाऊस : लागोपाठ पडलेलं अवर्षण, आटलेल्या विहिरी, पडून राहिलेलं रान. दुसरीत काम : खडी फोडणं, रस्त्यावर मुरूम टाकणं, पाझर तलाव खोदणं, त्याची मजुरी. तिसरीत धान्य : अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि मुलांना वाटलेली सुकडी. चौथीत कायदा : त्या कामांच्या अनुभवातून पुढे 1977 साली महाराष्ट्राने केलेला रोजगार हमीचा कायदा आणि 2005 साली देशाने केलेला तसाच कायदा. प्रश्न एकच : बाहेरून धान्य येत असताना माणसं खडी फोडायला का गेली, आणि त्यातून मागे काय उरलं? आता तिसऱ्या चिठ्ठीवाल्याला वाटतं की धान्य आलं म्हणजे प्रश्न मिटला. धान्य आलं तरी ते विकत घ्यायला पैसे लागतात, आणि मजुरीची गोष्ट दुसऱ्या चिठ्ठीत आहे. दुसऱ्या चिठ्ठीवाल्याला कळत नाही की शेतकरी शेतातलं काम सोडून रस्त्यावर का आला. ते पहिलीत आहे. चौथीतला कायदा तर बाकीच्या तिन्हींशिवाय कोरडं कलम आहे. उत्तर एकाही चिठ्ठीत नाही, ते चिठ्ठ्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिथवर पोचायचं तर बोलावंच लागतं. असा एक पाठ तयार करायला रात्रीचा तास-दीड तास जातो. सहकारी अध्ययन म्हणजे शिक्षकाला विश्रांती, असं समजणाऱ्यांनी एकदा या चिठ्ठ्या करून पाहाव्यात.

बोलल्याने शिकणं होतं ते कसं, हे गणितात फार उघडपणे दिसतं. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चौथी-पाचवीतली कितीतरी मुलं बेधडक 'एक चतुर्थांश' म्हणतात, कारण चार तीनपेक्षा मोठे. शिक्षकाने फळ्यावर दोन गोल काढून दाखवले की माना डोलतात आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा होते. हाच प्रश्न जोडीत टाकला की वेगळं घडतं. एकजण म्हणतो, 'अरे, एक भाकरी तिघांत वाटली तर तुला किती येईल? आणि चौथा जेवायला आला तर?' दुसरा म्हणतो, 'मग कमीच येईल की.' थोडं थांबतो. 'पण मग चार खाली का लिहितात?' हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा. तो शिक्षकाला विचारायची हिंमत सहसा होत नाही, शेजाऱ्याला विचारता येतो. आणि ज्याला तो विचारला गेला त्याची खरी पंचाईत, कारण आपल्याला येतं असं समजणाऱ्याला आता कारण द्यायचं आहे. कॅलिफोर्नियातल्या नोरीन वेब यांनी गटात शिकणाऱ्या मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं तपासलं. त्यांना सातत्याने आढळलं की जे मूल कारणांसह समजावून सांगतं ते जास्त शिकतं. ज्याला नुसतं तयार उत्तर मिळतं त्याच्या हाती फारसं लागत नाही. 'आठ लिही, आठ' हे गटकार्य नाही, ती कॉपीच आहे, फक्त उघड्यावरची.

यावर एक आक्षेप हमखास येतो : दोघांनाही येत नसेल तर? आंधळ्याने आंधळ्याला वाट कशी दाखवायची? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला चांगलं उत्तरही आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात एक तपासणी झाली. ती 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. विद्यार्थ्यांनी आधी एकेकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून त्याच प्रश्नाचं पुन्हा, आणि नंतर त्याच तत्त्वावरच्या नव्या प्रश्नाचं परत एकट्याने. चर्चेत हुशार मुलाचं उत्तर उचललं असतं तर नव्या प्रश्नात पितळ उघडं पडलं असतं. तसं झालं नाही, नव्या प्रश्नाची उत्तरंही सुधारली. सुरुवातीला ज्या गटात कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, अशा गटांतही सुधारणा असल्याचं संशोधकांना दिसलं. अर्थात ती महाविद्यालयातली मुलं होती आणि प्रश्न विचारपूर्वक निवडलेले होते. तिसरीच्या वर्गात चुकीची कल्पना गटभर पसरू शकते, हे मान्यच केलं पाहिजे. म्हणून गटांच्या मधून फिरणारा, कान देणारा शिक्षक लागतो. खुर्चीत बसून वह्या तपासणारा चालत नाही.

दुसरा आक्षेप फुकट्यांचा, आणि तो तर प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ओढ मोजली आणि 1913 साली निष्कर्ष छापले : माणसं वाढली की एकूण ओढ वाढते, पण दरडोई ओढ घटते. 1979 साली बिब लाटाने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट टाळ्या आणि आरडाओरडा यांवर तपासली. आपल्याबरोबर इतरही ओरडताहेत असं वाटलं की माणूस स्वतः कमी जोर लावतो. (ओरडण्यातसुद्धा माणसं अंग चोरतात, हे वर्ग सांभाळणाऱ्याला पटायला जरा जड जातं.) मग चार्टपेपरच्या गटातली ती टोपणं उडवणारी दोन मुलं आळशी म्हणायची का? पाच जणांचं मिळून एकच उत्पादन आणि एकच शेरा असेल तर त्यांनी काम न करणं हा साधा व्यवहार आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लेव्हिन यांनी या मुद्द्याचा सर्वांत खोलवर पाठपुरावा केला. शाळांमधल्या तुलनात्मक अभ्यासांचा त्यांनी आढावा घेतला. गटाचं यश प्रत्येक सदस्याच्या स्वतंत्र शिकण्यावर ठरवलं होतं अशा 64 अभ्यासांपैकी 50 मध्ये सहकारी पद्धतीचा स्पष्ट फायदा दिसला. जिथे गटाने मिळून एकच वस्तू बनवायची होती तिथे परिणाम जवळजवळ शून्यावर आला. आपल्या भिंतीवरचा चार्ट नेमका या दुसऱ्या प्रकारात मोडतो. उपाय अवघड नाही. चर्चा एकत्र, उत्तर मात्र प्रत्येकाने आपल्या वहीत. आणि गटाच्या वतीने कोण बोलणार हे चिठ्ठी टाकून आयत्या वेळी ठरवायचं. कोणाचंही नाव निघू शकतं म्हटल्यावर गटप्रमुखाला सर्वांत मागे पडलेल्या मुलाला शिकवणं भागच पडतं.

हुशार मुलांच्या पालकांचा आक्षेप इथेच उगवतो : आमच्या मुलीने दुसऱ्यांना शिकवत का बसावं? तिचा वेळ जात नाही का? वेब यांच्या निष्कर्षात अर्धं उत्तर आहे, समजावून सांगणाऱ्याचं शिकणं पक्कं होतं. अर्धा आक्षेप मात्र शिल्लक उरतो आणि तो मी झटकणार नाही. त्याच मुलीला वर्षभर रोज तेच काम दिलं, तिच्या पातळीचं काही दिलंच नाही, तर तिची ती बिनपगारी मदतनिशी आहे आणि पालकांची तक्रार रास्त आहे. म्हणून ज्या दिवशी नवं कौशल्य सरावाने घोटायचं आहे त्या दिवशी गट नको; पाढे एकट्याने पाठ करावेत. गट हवा तो ज्या प्रश्नाला अनेक बाजू आहेत तिथे. सगळेच तास गटात घ्या म्हणणारे उत्साही लोक या पद्धतीचं जेवढं नुकसान करतात तेवढं तिचे विरोधकही करत नाहीत.

जिगसॉचीही भाबडी भक्ती नको. 2022 साली फ्रान्समधल्या सहावीच्या वर्गांवर केलेले पाच प्रयोग प्रसिद्ध झाले आणि शिकण्यात जिगसॉचा ठोस फायदा त्यांत दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. चिठ्ठी हातात दिली म्हणजे अकरा वर्षांचं मूल शिक्षक होत नाही. ते आपला तुकडा चांगला शिकतं आणि इतरांचे तीन तुकडे, सांगणारा कच्चा असेल तर, कच्चेच राहतात. म्हणून मूळ पद्धतीत एक पायरी आहे आणि घाईत आपण नेमकी तीच गाळतो : वेगवेगळ्या गटांतल्या पहिल्या चिठ्ठीवाल्यांनी आधी एकत्र बसायचं, दुसऱ्या चिठ्ठीवाल्यांनी एकत्र, आणि आपल्या गटात परतण्याआधी काय सांगायचं ते पक्कं करायचं. माझा अनुभवही हेच सांगतो की या बैठकीला दिलेली दहा मिनिटं पुढच्या वीस मिनिटांचं भवितव्य ठरवतात. शिवाय सांगावं कसं, विचारावं कसं, हेही शिकवावं लागतं. 'कळलं का?' असं विचारलं की मुलं 'हो' म्हणतात. 'तू तुझ्या शब्दांत परत सांग' म्हटलं की खरं काय ते कळतं. ही वाक्यं महिनाभर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली तरी पुरे.

याहून बिकट गोष्ट प्रतिष्ठेची. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवलं की गटात जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो, आणि कोण जास्त बोलणार हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. आपल्या गटांत मुली लिहितात आणि मुलगे सादर करतात. कोणत्या आळीतलं मूल मध्ये बसेल आणि कोणतं कडेला, हे कोणी सांगत नाही, तसंच घडतं. मुलांना 'तुमचे तुम्ही गट करा' म्हटलं की गावाचा नकाशाच वर्गात उतरतो. म्हणून गट शिक्षकानेच करावेत आणि सरळ हजेरीच्या क्रमाने केले तरी चालतं. हजेरीचा क्रम क्षुल्लक वाटतो, पण दिल्लीतल्या खाजगी शाळांचा एक अभ्यास इथे आठवतो. 2007 पासून तिथल्या अनेक शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी काही जागा राखाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांमधल्या सधन मुलांचा अभ्यास करून 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरीब सोबती लाभलेली सधन मुलं जास्त उदार झाली आणि गरिबांशी दुजाभाव कमी करू लागली. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या वर्णानुक्रमाने पाडले जात, त्यामुळे कोणाच्या गटात कोण येणार हा निव्वळ योगायोग होता. हा परिणाम बराचसा अशा प्रत्यक्ष सहवासातूनच आल्याचं त्यावरून त्यांना दाखवता आलं. सधन मुलांच्या इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली, हिंदी आणि गणितात फरक पडला नाही. घट लपवून ठेवायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के आरक्षणाने एका वर्गात आलेली मुलं वेगवेगळ्या बाकांवर बसून घरी जाणार असतील, तर ते आरक्षण हजेरीपटापुरतंच राहतं.

गोंगाट, पाठ्यक्रम आणि जमिनीत ठोकलेले बाक या तक्रारी मी थोडक्यात उरकतो. बाक हलत नसतील तर एका रांगेतल्या दोघांनी मागे वळून बसावं, चौघांचा गट होतो. त्याहून फार मोठा गट तसाही नको. गोंगाट होतो, हे खरं आहे. कामाचा आणि टवाळीचा आवाज वेगळा असतो आणि आठवड्याभरात कान तयार होतो, शेजारच्या वर्गावरच्या बाईंचा मात्र होत नाही. पाठ्यक्रमाचं म्हणाल तर महिन्याला असे दोन-तीन पाठ झाले तरी खूप.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे म्हणणाऱ्यांनी जरा मागे पाहावं. पंतोजीच्या शाळेत मोठी मुलं लहानांना धुळाक्षरं गिरवायला लावत. मद्रासच्या अनाथालयात 1789 पासून काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतल्या मुलांना वाळूत अक्षरं काढताना पाहिलं, ती रीत उचलली, मुलांकरवी मुलांना शिकवण्याची व्यवस्था बसवली आणि मद्रास पद्धत म्हणून ती इंग्लंडला गेली. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले आहेत. अशा द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात आणि मोठ्यांनी लहानांचं वाचन घेणं ही आजही रोजची गरज आहे. फरक एवढाच की पंतोजीच्या आणि बेल यांच्या व्यवस्थेत ज्ञान वरून खाली उतरत होतं. मॉनिटरला खालच्या मुलाची गरज नव्हती. चिठ्ठ्यांच्या पाठात ती असते.

आता आपल्याकडची एक अडचण, जी ऑस्टिनच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. बाजाराचा दिवस असतो, पेरणी असते, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, आणि चौघांच्या गटातली एक मुलगी येत नाही. तिची चिठ्ठी तशीच उरते. पाठ कोसळतो. कामचलाऊ उपाय म्हणून शिक्षकाने प्रत्येक चिठ्ठीची जादा प्रत खिशात ठेवावी, पाच जणांचे गट करून एक चिठ्ठी दोघांना द्यावी. पण जादा प्रत लगेच काढू नये, असं मला वाटतं. हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण आठवड्यातून दोनदा पडत असते आणि वर्गात कोणाचं काही अडत नसतं. चिठ्ठ्यांच्या दिवशी पहिल्यांदाच तीन मुलं मान वर करून विचारतात, 'बाई, चौथी चिठ्ठी तिच्याकडे होती. ती आज का नाही आली?' आणि त्यांतलं एखादं संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उद्या येणार आहेस का, असं विचारून येतं.